फोमच्या ईडीएफ जेटला टर्बाइन बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नळीतल्या इलेक्ट्रिक फॅनवर (ईडीएफ) उडणारं फोमचं रिमोट कंट्रोल मॉडेल जेट रॉकेलच्या छोट्या टर्बाइनवर उडवायचं मनात आलं की जे प्रश्न हमखास पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं २० ते ६० न्यूटन थ्रस्टच्या (पुढे ढकलणाऱ्या जोराच्या) छोट्या टर्बाइनना आणि ८० ते १०५ मिलिमीटर फॅनच्या, ईपीओ या चिवट फोमच्या विमानांना धरून आहेत. ज्यांनी अजून इलेक्ट्रिक जेटच उडवलेलं नाही, त्यांनी आधी ते उडवावं. या पानाला घाई नाही.

हे खरंच जमतं का? फोम पेटणार नाही का?

जमतं. काही कंपन्या तर फोमचं विमान थेट टर्बाइनच्या तयारीने विकतात. एचएसडी जेट्सचं सुपर वायपर हे त्यातलं एक. पेटण्याची भीती सगळ्यांना वाटते, पण उडत्या विमानात खरा त्रास वेगळाच असतो. फोम पेटायच्या खूप आधी मऊ पडतो. टर्बाइनच्या नोझलमधून निघणारा वायू ६०० ते ७०० अंश सेल्सियसचा असतो, आणि ईपीओ फोम १०० अंशांच्या बराच आधी आपला ताठपणा सोडायला लागतो. शेपटीकडचा भाग आतून मऊ झाला की बाहेरून रंगही बदलत नाही, पण एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पाटी) हलवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, ज्या फोमला धरून असतो तोच दबायला लागतो. आग पहायला मिळते ती बहुतेक जमिनीवर, स्टार्ट फसल्यावर. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

किती थ्रस्टचं टर्बाइन घ्यावं? माझा ९० मिलिमीटरचा फॅन साडेतीन किलो थ्रस्ट देतो.

मग साडेतीन किलोचं टर्बाइन पुरेल, आणि त्याहून कमीही चालेल. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा आकडेमोड करू.

फॅन भरपूर हवा हळू ढकलतो, टर्बाइन थोडी हवा फार जोरात ढकलतं. साडेतीन किलो, म्हणजे साधारण ३५ न्यूटन देणाऱ्या ९० मिलिमीटर फॅनच्या हवेचा वेग सेकंदाला ८० मीटरच्या घरात असतो. विमान सेकंदाला ४० मीटरने, म्हणजे ताशी १४४ किलोमीटरने जायला लागलं की त्या फॅनच्या हवेत आणि विमानाच्या वेगात फरक उरतो निम्माच. थ्रस्टही ढोबळमानाने निम्म्यावर येतो. टर्बाइनच्या झोताचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या पुढे असतो. त्यातून ४० वजा केले तरी थ्रस्टमध्ये दहा टक्क्यांच्या आसपासच घट होते.

म्हणजे जमिनीवर तराजू लावून मोजलेला थ्रस्ट सारखाच असला तरी हवेत टर्बाइन जवळपास दुप्पट ओढ देतं. उलट, धावपट्टीवरची पहिली काही मीटर ईडीएफ जास्त चपळ वाटतो. ‘टर्बाइन टेकऑफला मठ्ठ आहे’ अशी तक्रार येते ती यामुळे, आणि मग लोक मोठं टर्बाइन घेतात. घेऊ नका.

बाजारातला अंदाज यावा म्हणून: जेटकॅटचं पी-२० हे २४ न्यूटनचं, म्हणजे जेमतेम अडीच किलोचं, ते मिनिटाला २,४५,००० फेऱ्यांपर्यंत जातं. किंगटेकचं के-४५ हे नावाप्रमाणे ४५ न्यूटनचं, म्हणजे सुमारे ४.६ किलोचं. पहिलं ८० मिलिमीटरच्या हलक्या स्पोर्ट जेटला छान, दुसरं ९० मिलिमीटरच्या आणि त्यावरच्या विमानांना. टाकी भरून विमानाचं जे वजन होईल त्याच्या ७० टक्के थ्रस्ट असला तरी फोमच्या विमानाला तो भरपूर होतो. ४५ न्यूटनचं टर्बाइन हाताशी आहे आणि विमान हलकं आहे, तर ईसीयूमध्ये (टर्बाइनच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकात) कमाल आरपीएम, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्या, खाली आणून ठेवता येतो. मी हेच सुचवेन.

विमान कोणतं निवडू?

एका इंजिनाचं, रुंद पोटाचं, सरळ शेपटीतून झोत बाहेर पडणारं. स्पोर्ट जेट आणि ट्रेनर प्रकारातली विमानं सगळ्यात सोपी. एफ-१६ही बरं, कारण इनटेकपासून (हवा आत घेणाऱ्या तोंडापासून) शेपटीपर्यंत नळी जवळजवळ सरळ जाते आणि झोत शेवटच्या टोकाला सुटतो.

टाळायची म्हणजे: एका फॅनची हवा दोन नळ्यांत फोडणारी विमानं, झोताच्या मागे किंवा अगदी खाली आडवी शेपटी असणारी विमानं, आणि ए-१० सारखी, ज्यांची इंजिनं फोमच्या छोट्या डब्यांत लटकलेली असतात. दोन टर्बाइन, दोन पंप, दोन ईसीयू, आणि भोवती सगळा फोमच. हौस असेल तर पाहायला मजा येते, बांधायला नाही.

आणखी एक: जुनं, चार वेळा आपटून चिकटवलेलं विमान ‘आता टर्बाइनला वापरू’ म्हणून काढू नका. फोमला आलेला लवचीकपणा वरून दिसत नाही. नवीन कोरं विमान घ्या.

वजन किती वाढतं?

लोक समजतात त्यापेक्षा कमी, पण वाढतं ते नेमकं टेकऑफच्या वेळी. ९० मिलिमीटरच्या एका सरासरी विमानाचा ढोबळ हिशेब असा: बाहेर निघतं ते सहा सेलची मोठी लिपो बॅटरी सुमारे ८५० ग्रॅम, फॅन-मोटर ५०० ग्रॅम, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) दीडशेच्या आसपास. एकूण दीड किलो. आत जातं ते टर्बाइन आणि त्याचा पट्टा ५०० ग्रॅम, थ्रस्ट ट्यूब (झोत शेपटीबाहेर नेणारी नळी) २०० ग्रॅम, ईसीयू-पंप-व्हॉल्व्ह १५० ग्रॅम, ईसीयूची बॅटरी आणि रिसीव्हरची बॅटरी मिळून ३०० ग्रॅम, टाकी, हॉपर (पंपाआधीची छोटी टाकी) आणि नळ्या २०० ग्रॅम, वर प्लाय आणि कार्बनची भर दीडशे-दोनशे. पुन्हा दीड किलोच. त्यावर १ लिटर रॉकेल म्हणजे ८०० ग्रॅम. विमान उतरतं तेव्हा आधीइतकंच, उडतं तेव्हा पाऊण किलो जड.

सीजी (गुरुत्वमध्य, विमानाचा तोल) बिघडतो का?

नीट मांडणी केली नाही तर हमखास. ईडीएफमध्ये नाकातली जड लिपो सगळा तोल सांभाळते. ती निघाली आणि मागे स्टीलची नळी आली की विमान शेपटीवर बसतं. म्हणून पंप, ईसीयू, दोन्ही बॅटऱ्या, रिसीव्हर, जे जे हलवता येतं ते नाकात न्यायचं. टाकी मात्र शक्य तितकी सीजीवरच हवी, म्हणजे इंधन संपत जाईल तसा तोल सरकणार नाही. सीजी तपासताना मुख्य टाकी रिकामी, हॉपर भरलेला आणि चाकं उड्डाणात असतील त्या स्थितीत ठेवा. नाकात शिसं घालावं लागत असेल तर मांडणीवर पुन्हा एकदा बसा.

थ्रस्ट ट्यूबचं काय? मूळची प्लास्टिकची नळी चालेल का?

नाही. ती काही सेकंदांत गोळा होईल.

या सगळ्या कामात मन लावून करायची एकच गोष्ट असेल तर ती थ्रस्ट ट्यूब. पातळ स्टेनलेस स्टीलची, शक्यतो दुहेरी भिंतीची नळी घ्या: आतल्या नळीतून झोत जातो आणि दोन भिंतींमधल्या फटीतून थंड हवा. पुढच्या तोंडाला घंटेसारखं पसरट तोंड असतं. टर्बाइनचं नोझल त्या तोंडाच्या आत खुपसायचं नसतं. मध्ये मोकळी जागा सोडायची, छोट्या टर्बाइनला साधारण २ सेंटीमीटर, नेमका आकडा ट्यूब बनवणाऱ्याने दिलेला पाळावा. झोत त्या फटीतून आजूबाजूची हवा ओढून घेतो. विमानाच्या पोटात हवा खेळती राहते ती या ओढीमुळेच. फट बुजवली की पोटातली हवा थांबते आणि फोम आतून शिजतो.

टर्बाइन आणि नळी एका रेषेत असणं तितकंच महत्त्वाचं. हे तपासायची उत्तम खूण नळी स्वतःच देते. जमिनीवर एक-दोनदा पूर्ण थ्रॉटल देऊन नळी बाहेर काढा आणि आत टॉर्च मारून पाहा. स्टील तापलं की आधी पिवळसर, मग तांबूस-जांभळं, मग निळं होतं. हा रंग सगळीकडून सारखा चढलेला असेल तर ठीक. एकाच बाजूला निळा पट्टा आणि दुसरी बाजू चकचकीत असेल तर झोत भिंतीला घासतोय. पट्ट्याखाली एका बाजूला पातळ वॉशर घालून पुन्हा चालवा.

नळीचं मागचं टोक फोमला टेकू देऊ नका. ती तापली की लांब होते, त्यामुळे एक टोक पक्कं आणि दुसरं सरकतं ठेवायचं. शेवटच्या कड्याभोवती बोट फिरेल इतकी जागा हवी आणि नळी फोमच्या थोडी बाहेर आलेली हवी.

फोमला आतून ॲल्युमिनियमची टेप लावली की झालं ना?

टेप लावाच, पण ‘झालं’ नाही. टेप तापलेल्या नळीची धग परतवते. पोटात साचलेल्या गरम हवेपुढे ती काही करू शकत नाही. ती हवा बाहेर जायला झरोक्याची वाट करून द्यावी लागते.

खात्री करायची असेल तर ठरावीक तापमानाला कायमचा रंग बदलणाऱ्या चिकटपट्ट्या मिळतात. टर्बाइनच्या बाजूला, नळीच्या वरच्या फोमवर आणि शेपटीच्या कड्यापाशी एकेक लावून ठेवा. उतरल्यावर कुठली पट्टी काळी झाली ते पाहिलं की पुढची झरोक्याची जागा आपोआप कळते.

इनटेकच्या नळ्या ठेवायच्या की काढायच्या?

टर्बाइनला फॅनच्या तुलनेत हवा फारच कमी लागते, त्यामुळे मूळ इनटेक मोठेच पडतात. बहुतेक जण आतल्या नळ्या कापून काढतात, त्या जागेत टाकी बसवतात आणि सगळं पोट हवेची पेटी म्हणून वापरतात. कापलेल्या फोमचा भुसा, गोंदाचे तुकडे, सुटा स्क्रू हे सगळं मात्र आता थेट कॉम्प्रेसरकडे जाऊ शकतं. टर्बाइनच्या तोंडावर जाळी हवीच, आणि कापलेल्या फोमच्या कडांवर पातळ गोंदाचा हात फिरवून मणी सुटणार नाहीत असं करा. पहिल्या स्टार्टआधी पोटाला व्हॅक्युम क्लीनर लावणं कंटाळवाणं आहे. लावा.

इंधन कोणतं आणि किती वेळ पुरतं?

रॉकेल किंवा जेट ए-१, त्यात टर्बाइनचं तेल मिसळून. प्रमाण उत्पादकाचं पाळा. साधारण ३ ते ५ टक्के असतं. बेअरिंगना वंगण याच इंधनातून मिळतं, वेगळी तेलाची टाकी नसते, म्हणून तेल विसरून एकदाही चालवू नका.

४५ न्यूटनचं टर्बाइन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला १५० ते २०० मिलिलिटर पितं. आयडललाही (थ्रॉटल अगदी खाली असतानाही) ते बऱ्यापैकी पीत राहतं, हे ईडीएफवाल्यांच्या लक्षात येत नाही. टॅक्सी करत, म्हणजे विमान जमिनीवर चालवत, गप्पा मारल्या तर त्याचे पैसे टाकीतून जातात. १ लिटरमध्ये सहा-सात मिनिटं उडून, एका फसलेल्या लँडिंगपुरतं शिल्लक ठेवून उतरता येतं. टाइमर पाच मिनिटांवर लावून सुरुवात करा आणि उतरल्यावर किती उरलं ते मोजा.

नळ्यांसाठी सिलिकॉन वापरू नका, रॉकेलने ती फुगते आणि जोडातून निसटते. टायगॉन किंवा पॉलियुरेथेनची नळी घ्या. पंपाच्या आधी हॉपर टाकी हवी, कारण एक बुडबुडा पंपात गेला तरी टर्बाइन विझतं, आणि ते बहुधा वळणात असतानाच विझतं.

रॉकेल फोमला खातं का?

पांढऱ्या थर्मोकोलशी त्याचं वैरच आहे. ईपीओ बराच तग धरतो, पण रंग, स्टिकर आणि काही गोंद सुटतात. टाकीखाली एक पातळ ट्रे ठेवा आणि सांडलेलं लगेच पुसा.

वेग वाढला तर फोम टिकेल का?

वेगाची मर्यादा हीच या विमानांची खरी मर्यादा आहे, उष्णतेपेक्षाही. उष्णतेचा बंदोबस्त एकदा केला की होतो. वेगाचा दर फेरीला करावा लागतो. ईडीएफमध्ये फॅन स्वतःच एका वेगानंतर दम टाकतो आणि विमान आपोआप वाचतं. टर्बाइन दम टाकत नाही. सपाट उड्डाणात पूर्ण थ्रॉटल दाबून ठेवला की विमान वेग घेतच राहतं, आणि मग एखाद्या क्षणी ‘भर्रर्र’ असा आवाज येतो. तो फ्लटर, म्हणजे पंखाच्या हलत्या भागांची बेफाम थरथर. आवाज ऐकू येईपर्यंत एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) गेलेलंही असू शकतं.

त्यामुळे पंखात मूळ कार्बन नळीबरोबर आणखी एक पट्टी खाचेत बसवा, विशेषतः एलेरॉनच्या पुढच्या रेषेत. फोमच्याच घडीवर वळणारी कंट्रोल सरफेस (एलेरॉन, एलेव्हेटर असे हलते भाग) असतील तर ती कापून खऱ्या बिजागऱ्या लावा. सर्व्हो डिजिटल आणि धातूच्या गिअरचे घ्या, आणि लिंकेजमध्ये जराही खुळखुळ ठेवू नका. सरफेस दोन बोटांत धरून हलवून पाहिलं तर सर्व्होचा हातही हलला पाहिजे. सर्व्हो फोममध्ये नुसता चिकटवू नका, प्लायच्या चौकटीत स्क्रूने बसवा.

टेलिमेट्रीवर (विमानातून ट्रान्समीटरकडे येणाऱ्या माहितीवर) हवेचा वेग मोजणारा सेन्सर लावणं मी ऐच्छिक मानत नाही. ठरावीक वेगाला ट्रान्समीटर बोलू द्या, आणि तो बोलला की थ्रॉटल मागे घ्या.

लँडिंगला काय बदलतं?

बरंच. एक, आयडललाही टर्बाइन थोडा थ्रस्ट देतच असतं, त्यामुळे विमान तरंगत राहतं आणि धावपट्टी संपते. फ्लॅप भरपूर लावा आणि चाकांना ब्रेक बसवा. दोन, आयडलपासून पूर्ण थ्रस्टला यायला तीन-चार सेकंद लागतात. फॅनसारखं शेवटच्या क्षणी स्टिक ढकलून वाचता येत नाही. उतरताना थ्रॉटल आयडलच्या थोडा वर ठेवायची सवय लावा आणि पुन्हा वर जायचं असेल तर तो निर्णय लवकर घ्या.

मूळ रिट्रॅक्ट (आत मिटणारे चाकांचे पाय) आणि त्यांच्या फोममधल्या खोबण्या जास्तीच्या वजनाला कमी पडतात. पाय तुटतो तो क्वचित. फोमसकट उपटून येतो तो नेहमी. खोबणीतली प्लायची पाटी मोठी करून ती पंखाच्या कार्बनला जोडली की भार पसरतो.

रिसीव्हरला वीज कुठून?

ईएससी गेला म्हणजे त्यातला रिसीव्हरला वीज देणारा बीईसीही गेला. वेगळी बॅटरी लागेल, शक्यतो दोन. ईसीयूच्या बॅटरीवर रिसीव्हर चालवू नका.

फेलसेफ इथे शोभेचा नसतो. सिग्नल गेला की थ्रॉटल चॅनल टर्बाइन बंद करेल असाच तो लावलेला हवा. विमान जमिनीला बांधून, टर्बाइन चालू ठेवून, ट्रान्समीटर बंद करून हे डोळ्यांनी पाहा.

स्टार्ट करताना आग लागते ती का?

पेट न घेता पंपाने इंधन आत ओतलं की ते टर्बाइनच्या पोटात साचतं. मग दुसऱ्या प्रयत्नात ते एकदम पेटतं आणि शेपटीतून हातभर ज्वाळा येते. धातूच्या किंवा फायबरच्या विमानात हा तमाशा असतो, फोममध्ये ते विमान गेलेलं असतं. म्हणून स्टार्ट फसला की लगेच पुन्हा बटण दाबू नका. विमान शेपटीकडून खाली कलवा, साचलेलं रॉकेल निथळू द्या, पुसा, मग पुन्हा.

नाक नेहमी वाऱ्याकडे. वारा मागून आला तर गरम वायू उलटा पोटात शिरतो. शेजारी एक माणूस कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक हातात घेऊन उभा हवा, गाडीत ठेवलेला नव्हे. पावडरचा अग्निशामक आग विझवेल, पण टर्बाइनही संपवेल. ज्वाळा दिसली तर इंधन बंद करायचं, स्टार्टर फिरता ठेवायचा आणि वायू इनटेकमधून मारायचा.

उतरल्यावर लगेच बंद केलं तर चालतं ना?

टर्बाइन बंद केल्यावर ईसीयू स्टार्टर फिरवून त्याला साधारण १०० अंशांपर्यंत थंड करतो. तो थांबला म्हणून फोम सुटला असं नाही. उड्डाणात जी हवा नळीभोवती वाहते ती आता नसते, आणि तापलेल्या स्टीलची धग थेट वर चढते. टर्बाइनच्या वरचा फोम उड्डाणात शाबूत राहून पार्किंगमध्ये बसलेला अनेक विमानांत दिसतो. हॅच लगेच उघडा, नाक वाऱ्याकडे ठेवा, वारा नसेल तर छोटा पंखा लावा.

परवाना लागतो का?

देशागणिक नियम वेगळे. अमेरिकेत एएमए (अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स) या मॉडेल विमानांच्या संघटनेकडून टर्बाइनसाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. तुमच्या क्लबचा विमा टर्बाइनला लागू आहे का, हे टर्बाइन मागवण्याआधी विचारा.

खर्चाच्या मानाने परवडतं का?

नाही. टर्बाइनची किंमत विमानाच्या कितीतरी पट असते, वर साधारण २५ तासांनी ते सर्व्हिसला पाठवावं लागतं. पैसे वाचवायला कोणी हे करत नाही. आवाज आणि रॉकेलचा वास यासाठी करतात, आणि ते कारण मला पुरेसं वाटतं.

पुढे हेच टर्बाइन दुसऱ्या विमानात घालता येईल का?

येईल, आणि म्हणूनच ते विकत घेताना आजच्या फोमपेक्षा पुढच्या विमानाचा विचार करा. टर्बाइन, ईसीयू, पंप आणि व्हॉल्व्ह एका प्लायच्या पाटीवर बसवून ठेवले तर चार स्क्रू आणि दोन नळ्या सोडल्या की सगळं बाहेर येतं. थ्रस्ट ट्यूब मात्र त्या त्या विमानाच्या मापाची असते, ती बहुतेक वेळा नवी करावी लागते.